डावीकडे पडलेला पत्ता

सांगली,
६ मार्च २०२५

संयोगिताताई,

"तुझ्याबद्दल कुणी काहीही सांगू दे आबू, मी आधी तुला विचारीन, मग काय ते ठरवीन." इस्लामपूरला, तुमच्या परसात कपडे वाळत घालता घालता तू हे म्हणाली होतीस. मी तेव्हा नववीत होते. माझ्या दप्तरात कुणीतरी चिठ्ठी टाकली होती आणि आई मला झाडूनं मारून दमली होती. तू विचारलंस, मी खरं ते सांगितलं आणि तू जाऊन माझ्या आईशी भांडलीस. मावसबहीण असावी तर अशी, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले.

आणि गेल्या आठवड्यात तू मला ब्लॉक केलंस. काही न विचारता.

फोन लागत नाही, मेसेजखाली एकच बारीक खूण येते, म्हणून पत्र लिहिते आहे. मुद्दाम घरी पाठवत नाही. घाटाजवळच्या तुझ्या पूजासाहित्याच्या दुकानावर पाठवते, म्हणजे दाजींच्या आधी तुझ्या हातात पडेल.

दाजींचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. चित्रकलेचा तास चालू होता, मुली एका निळ्या रंगाच्या ट्यूबवरून भांडत होत्या. दाजी शांत आवाजात म्हणाले, "अबोली, तुझ्या पत्त्यांनी आमच्या देवीचा कौल फिरवला. ऑपरेशन रद्द केलंय. इथून पुढं हिच्याशी बोलायचं नाही." मागून आत्याबाई ओरडत होत्या, "तिला म्हनावं, लय शिकलीस! माझ्या सुनंला मढं दाखवलंस! चेटकीन हाय ती, चेटकीन!" मुलींसमोर मला "बरं" एवढंच म्हणता आलं. त्या "बरं"चा राग अजून गेलेला नाही.

मी काय केलं, ते एकदा नीट आठव.

तुला महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जातंय. हिमोग्लोबिन सातवर आलंय. घाटाच्या पायऱ्या चढताना तू भिंत धरतेस. डॉक्टरांनी सांगितलं, पिशवीत गाठी आहेत. तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे दाजींनी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या लावल्या आणि कौल मागितला. देवीची उजवी कळी पडली, म्हणजे होकार. मी त्याला कधी हसले नाही, ताई. उलट म्हटलं, बरं झालं, देवीनंही सांगितलं. मग मिरजेचे सर्जन शोधले, तीन मार्चची तारीख घेतली, शाळेत रजा टाकली, माझ्या घरातली मागची खोली तुझ्यासाठी लावली. समोरून उघडणारे दोन गाऊन शिवून घेतले. ते अजून कपाटात आहेत.

आणि त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तूच म्हणालीस, "रोज स्वतःसाठी काढतेस, आज माझ्यासाठी एक काढ की." मी नको म्हटलं. मला अजून येत नाही, म्हटलं. माझ्या पोरीनं, सृष्टीनं डिसेंबरात पुण्याहून हा टॅरोचा संच आणून दिला, तेव्हापासून मी रोज सकाळी एक पत्ता काढते, बस. कुठल्या चित्राचा काय अर्थ, ते पुस्तक उघडून बघावं लागतं मला. तू म्हणालीस, "काढ गं, गंमत."

पिसताना एक पत्ता निसटला आणि पाटाच्या डाव्या कडेवरून खाली पडला. मी उचलून तुला दाखवला. चार तलवारी. दगडी चौथऱ्यावर हात जोडून पडलेला शिपाई, त्याच्या वर तीन तलवारी, खाली एक. पुस्तकात बघून मी तुला वाचून दाखवलं: लढाईनंतरची विश्रांती, बरं होण्यासाठी आडवं होणं. ऑपरेशनच्या आधी याच्याहून चांगला पत्ता कुठला, असंसुद्धा म्हणाले. तेवढ्यात तुझ्या खांद्यावरून आत्याबाई डोकावल्या आणि किंचाळल्या. आणि तू फोन ठेवलास.

मला आत्याबाईंचा राग नाही. त्यांना त्या चित्रात मढं दिसलं, त्याला काय करणार. मला तुझा राग आहे. तू बी. कॉम. झालेली बाई. एक छापील कागद डावीकडे पडला म्हणून तू ऑपरेशन रद्द होऊ दिलंस आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं ते बघत बसलीस.

डॉक्टरांशी बोलले आहे. दुसरी तारीख मिळेल. फोन उघड.

आबू



वाई,
१४ मार्च

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पुन्हा दुकानावर पाठवू नकोस. शेजारच्या हारवाल्यानं पोस्टमनकडून घेतलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "वैनी, प्रेमपत्र आलंय तुमचं, सांगलीहून." दिवसभर लोक हसत होते.

घरातल्या गोष्टी घरात ठरतात. आमच्याकडे कौल आजे-पणज्यांपासून चालत आला आहे. एकदा नाही आलं की त्यावर कुणी बोलत नाही, हेही बोलत नाहीत, मीही नाही. पत्ता म्हणजे कळी नव्हे हे मला कळतं, तू शिकवायला नको. पण पडायचं ते सगळ्यांसमोर पडलं. आत्याबाईंनी तुझ्या नावानं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका उठला नाही, म्हणजे दृष्ट लय मोठी, असं त्यांनी अख्ख्या आळीत सांगितलं. मी काय करू? त्यांचं तोंड धरू?

तू जरा विचार केला असतास तर तुला कळलं असतं, की आमच्यासारख्यांच्या घरात असल्या गोष्टींची गंमत नसते. तुझं घर रिकामं आहे. सृष्टी पुण्याला, रविराजराव नोकरीच्या गावी. सकाळी तुला पत्ते मांडून बसायला वेळ आहे. माझं घर रिकामं नाही. पहाटे देवीचं पाणी, मग नैवेद्य, मग दुकान. मला तुझ्यासारखे छंद जमत नाहीत.

अंगावरून जाणं आता थांबलं आहे. इथल्या वैद्यांचा काढा घेते. काळजी करू नकोस.

चैत्रातली जत्रा जवळ आली आहे, त्या गडबडीत आहे. उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये.

संयोगिता



सांगली,
१९ मार्च

ताई,

अनेक आशीर्वाद! चार वर्षांनी मोठी आहेस तू माझ्याहून. आपण एका ताटात जेवलोय. असं पत्र तू आयकर खात्याला लिही, मला नको.

"रिकामं घर" वाचलं आणि मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. मला कुठं लागतं, हे तुला बरोबर माहीत आहे. लागलं. आता ऐक, रिकाम्या घरात मी काय करते ते.

सृष्टी पुण्याला गेली त्यानंतर माझं मलाच कळेनासं झालं होतं. सकाळी चहाचं भांडं ठेवायचं आणि बघत राहायचं. रविराज फोनवर विचारतो, गॅस आला का, वीजबिल भरलं का. शाळेत विचारतात, परीक्षेचे अर्ज झाले का. सगळे माझ्या हातांची चौकशी करतात. मग मी तो पत्ता काढायला लागले. त्यात भविष्यबिविष्य काही नाही. मी शिकाऊ आहे, पण एवढं पहिल्याच आठवड्यात समजलं. एक चित्र समोर येतं. कधी कंदील धरलेला म्हातारा, कधी पालथे पेले आणि त्यांच्याकडे बघत उभा माणूस. मी त्याच्याकडे बघते आणि मला बघावंच लागतं, की आज या माणसाकडे बघून माझ्या पोटात काय होतंय. मग त्याचं पेन्सिलीनं एक छोटं चित्र काढते, चहा पिते आणि शाळेत जाते. दिवसातून तेवढ्याच वेळी मला कुणीतरी विचारतं, की बाई, तू कशी आहेस. तो कागद असला तरी विचारतो.

हा माझा छंद. हसायचं तर हारवाल्याला बोलावून दोघं मिळून हसा.

आता दाजींचं. मला वाटायचं दाजी साधा माणूस आहे. जत्रेत सगळ्यांचे नारळ फोडतो, कुणाला नाही म्हणत नाही. पण बायकोच्या अंगात रक्त राहिलेलं नसताना जो माणूस एका पडलेल्या पत्त्याला घाबरून ऑपरेशन थांबवतो, त्याला मी साधा म्हणणार नाही. भित्रा म्हणीन. त्यांनी तुला अडवलंय आणि तू त्यांना झाकते आहेस. नेहमीसारखी.

एक गोष्ट मनात आली, ती सांगते आणि सोडून देते. डावी बाजू माझी होती. तुझ्या फोनच्या पडद्यावर तो पत्ता उजवीकडेच पडताना दिसला असणार. हे मी दाजींना पटवू शकले असते. फोन हातात घेतलासुद्धा. मग स्वतःचीच किळस आली. तुझ्या पोटाचं काय करायचं, ते पत्ता माझ्या डावीकडे पडला की तुझ्या उजवीकडे, यावरून मीच भांडायला निघाले होते.

काढ्यानं थांबलं म्हणतेस. माझा विश्वास नाही. काढ्यानं गाठी विरघळत असत्या तर मिरजेत एवढी हॉस्पिटलं कशाला उभी राहिली असती?

जत्रेला मी येते. देवीसमोर, सगळ्या गावासमोर दाजींना विचारते, बायको जगवायची आहे की नाही. करू देत मला चेटकीण.

आबू



वाई,
१६ एप्रिल

आबू,

जत्रेला आली नाहीस ते बरं केलंस. दोन दिवस पाराकडे बघत होते. आली असतीस तर मी तुला ओळखसुद्धा दिली नसती.

थांबलंय म्हणाले ते खोटं होतं. तुला खोटं सांगितलं तसं घरातही सांगितलं, कारण नाहीतर जत्रेत मला बाजूला बसवलं असतं आणि नैवेद्याला हात कुणाचा, यावरून आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. पुरणपोळ्या लाटायला बसले. निम्म्या झाल्या आणि डोळ्यांपुढं काळं आलं. पडले तेव्हा साडीवरून सगळ्यांना कळलं.

त्यानंतर काय झालं ऐक. आत्याबाई म्हणाल्या, "आवं, बाटलं की सगळं!" सगळा स्वयंपाक गाईंना घातला. चूल पुन्हा सारवली. जावा पुन्हा पुरण शिजवायला बसल्या. ह्यांनी देवीपुढं नाक घासलं. मी पडवीत पडून होते. माझ्या तोंडावर पाणी मारलं ते हारवाल्याच्या बायकोनं. तीच म्हणाली, "वैनी, आवं डोळं उघडा की. ह्यास्नी पोळ्यांची पडलीया."

आता तू मला पत्रात जे जे बोललीस, त्याचं उत्तर देते. राग आला तर येऊ दे. मला तुझ्यापेक्षा जास्त आलेला आहे.

तुला वाटतं, ह्यांनी ऑपरेशन थांबवलं. आबू, ह्यांना ते हवं होतं. सगळ्यांनाच हवं होतं आणि जत्रेच्या आत हवं होतं. इथल्या डॉक्टरबाई माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, आधी गोळ्या देऊन बघू, त्यानं नाही झालं तर अजून एक-दोन उपाय आहेत, पिशवी काढणं शेवटी. हे शेजारी बसले होते. घरी येऊन ह्यांनी आईला सांगितलं, "पिशवी काढायची म्हणत्यात." बाकीचं ह्यांच्या कानात शिरलंच नाही. पिशवी गेली की बाजूला बसणं गेलं, घरातली अडचण कायमची गेली. कौल मागितला तो याचा. मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होते. माझ्या पोटाचा प्रश्न आणि मी उंबऱ्याबाहेर. उजवी कळी पडली. आत्याबाई म्हणाल्या, "सुटलीस बाई! आता बारा म्हैनं नैवेद्य तुज्याच हातचा."

बाजूला बसायचे ते चार दिवस, आबू, मला कधी अपमानाचे वाटले नाहीत. मी हे कुणाला बोलले नाही. मागच्या त्या खोलीत मी झोपायचे. दुपारी झोपायचे! पेपर वाचायचे. ताट आयतं यायचं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तेवढी एकच रजा मला मिळत आली. तीही ह्यांना कापून टाकायची होती. मला पिशवीचा मोह नाही. दोन पोरं झाली, वाढली. पण त्यांच्या नैवेद्याची सोय व्हावी म्हणून मी माझं पोट कापू देणार नाही.

आणि तू. तू काय केलंस? मी फोनवर सांगितलं, "पिशवी काढायची म्हणतायत," आणि संध्याकाळपर्यंत तू सर्जन शोधलास. दुसऱ्या दिवशी तारीख. मग गाऊन. "ताई, तुला काय वाटतं?" असं तू एकदा तरी विचारलंस का? आठव. ह्यांनी देवीला विचारलं. तू सर्जनला विचारलंस, मग पत्त्याला विचारलंस. तुला रोज सकाळी कागदसुद्धा विचारतो, तू कशी आहेस म्हणून. मला कोण विचारतं?

आता खरं ते सांगते. त्या दिवशी पत्ता पडला आणि तू "विश्रांती" म्हणालीस, ते मी ऐकलं होतं. अगदी स्पष्ट ऐकलं. आत्याबाई "मढं" म्हणून किंचाळल्या आणि माझ्या लक्षात आलं, की या घरात पडलेल्या कळीपुढं माणसाचं बोलणं चालत नाही, बाईचं तर नाहीच. कौल मोडायला दुसरं काहीतरी पडावं लागतं. ते पडलं होतं. मी फक्त गप्प बसले. रात्री ह्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला पडला?" मी म्हटलं, "तिच्या डाव्या हाताला." आमच्यात देवीची डावी ती डावी, बघणाऱ्याची नव्हे. म्हणजे त्या दिवशी आमच्या घरानं तुला देवीच्या जागी धरलं. हसू आलं तर हस.

ब्लॉक मीच केलं. ह्यांनी नाही. तुझा आवाज ऐकला असता तर सगळं खरं बोलून गेले असते.

माफी मागत नाही. तुझं नाव खराब झालं ते सांगलीत नाही, इथं झालं. तुला इथं राहायचं नाही.

पण आता तू लागणार आहेस. मी पडले, त्यामुळं पुन्हा सगळं सुरू झालं आहे. अक्षय्य तृतीयेला पुन्हा कौल लावणार आहेत. ह्या वेळी नातेवाइकांसमोर. उजवीच पडणार, मला माहीत आहे. कळी किती ओली करायची आणि कुठं चिकटवायची, हे सव्वीस वर्षं बघते आहे मी. तर त्याच्या आदल्या दिवशी तू एक पत्ता काढ आणि त्याचा फोटो ह्यांच्या फोनवर पाठव. या वेळी खरोखर वाईटच दिसेल असा काढ. तुझ्याकडे वीज पडून कोसळणारा बुरूज आहे ना, तू मागे दाखवला होतास, तो चालेल. खाली लिही, ताईसाठी काढला, डावीकडे पडला. बाकी मी बघते.

संयोगिता



सांगली,
२१ एप्रिल

ताई,

बुरुजाचा पत्ता पाठवणार नाही. मढ्याचाही नाही.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी तुझ्यावर ओरडले. एकटीच, स्वयंपाकघरात. मग तू विचारलेल्या प्रश्नापाशी येऊन थांबले. आठवून बघितलं. खरंच विचारलं नव्हतं. "ताई, तुला काय वाटतं," एवढे चार शब्द मला सुचले नाहीत. आई गेली तेव्हाही असंच झालं होतं, सगळे धावत होते आणि तिला कुणी विचारलं नाही. मी ठरवलं होतं, मी तशी होणार नाही. झाले. गाऊन शिवताना मला केवढं बरं वाटत होतं, ताई! कुणालातरी माझी गरज आहे, घरातली मागची खोली भरणार आहे, असं. तुझ्या आजारपणानं माझं घर भरणार होतं. हे लिहिताना मला माझी लाज वाटते आहे, पण तू खरं लिहिलंस, म्हणून मीही लिहिते.

पण तेवढ्यानं तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो जाणार नाही. तू माझ्यामागे लपलीस. तुला त्या घरात एक "नाही" हवं होतं आणि ते तू माझ्या हातातून पाडून घेतलंस. चेटकीण मी झाले. ते मी सहन करीन. पण तू जिंकलीस असं तुला वाटतंय, ते मला सहन होत नाही. तू काय जिंकलीस? ऑपरेशन टळलं आणि रक्त जातच राहिलं. गोळ्या घेतल्या नाहीस, कारण गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या, ते दाजींना सांगावं लागलं असतं. त्या उपायांचं नावसुद्धा काढलं नाहीस. पोळ्या लाटता लाटता पडलीस. पुढच्या वेळी तोंडावर पाणी मारून भागणार नाही. पिशवी त्यांच्या सोयीसाठी काढायची नाही, हे मला पटलं. पूर्ण पटलं. पण म्हणून असं आतल्या आत वाहून जायचं, हे कुणाच्या सोयीचं?

आणि समजा मी पाठवला बुरूज. दाजी घाबरतील, या वेळचं टळेल. मग आषाढात पुन्हा कौल लावतील, मग मी पुन्हा पत्ता पाठवायचा. मग दसऱ्याला. किती दिवस? ते कळ्या पाडणार, मी पत्ते पाडणार आणि मध्ये तू, तांब्या घेऊन उंबऱ्याबाहेर. देवीच्या जागी धरलं म्हणतेस. मला ती जागा नको. दाजी जे करतात तेच मी करायचं, फक्त तुझ्या बाजूनं, एवढाच फरक उरेल.

मी अजून रोज सकाळी पत्ता काढते. थांबवलं नाही. तुझ्यासाठी एकही काढलेला नाही. हात शिवशिवतो, पण काढत नाही. तुझं तुला विचारायचं सोडून पुन्हा कागदाला विचारायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावलं आहे.

इथे विश्रामबागला एक डॉक्टरबाई आहेत. त्यांना मी फक्त एवढं विचारलं, की पेशंट स्वतः बोलेल, तिचं ऐकून घ्याल का. त्या म्हणाल्या, "त्यासाठीच तर बसले आहे." तारीख घेतलेली नाही. काही ठरवलेलं नाही. गाऊन शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकले.

आता माझं मागणं ऐक.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन वाईला येते आहे. दाजी आणि आत्याबाई दोघेही घरात असतील अशा वेळी येईन. मी ओसरीवर उभी राहीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. शिव्या दिल्या तरी नाही. बोलायचं तू. कौल लागायच्या आधी, दोघांच्या तोंडाकडे बघून तू सांगायचंस: "पिशवी मला काढायची नाही. औषध मला घ्यायचं आहे आणि त्यासाठी मी सांगलीला जाते आहे." एवढंच. पत्त्याचं नाव घ्यायचं नाही. देवीचं घ्यायचं नाही. डॉक्टरचंही नाही, माझंही नाही. "मला" म्हणायचं.

तू नाही म्हणशील. पत्राला उत्तरही पाठवणार नाहीस. मी आले तर तू दुकानात जाऊन बसशील आणि हारवाल्याला सांगशील, की वैनी घरात नाहीत म्हणून सांग. "फोटोच मागितला होता, तेवढंसुद्धा हिच्यानं झालं नाही," असं मनात म्हणशील. हे सगळं मला आत्ता इथे बसून दिसतंय आणि त्यासाठी मला पत्ते लागत नाहीत.

तरी मागते आहे. म्हणशील का, ताई?

आबू